धुवून काढलेली फीत

जूनमधला दुसरा शनिवार, दुपार. ठिकाण: आमचं गॅरेज, अप्पर हट, न्यूझीलंड. हजर: जर्मन नौदलाच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मीटर तपासनीस; मंडळाचे आणखी दोन सभासद, अध्यक्ष हसले की हसणारे; माझा नवरा; मी. सासूबाई स्वयंपाकघरात, भजी तळत. गैरहजर: आमची मुलगी, नेटबॉलला.

नवऱ्याला टोपीच्या फितींचा नाद आहे. जर्मन खलाशांच्या गोल टोपीला काळी रेशमी फीत असायची आणि तिच्यावर जहाजाचं नाव विणलेलं असायचं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा शत्रूला जहाज ओळखता येऊ नये म्हणून ती नावं काढून सगळ्यांना सरसकट आरमाराच्या नावाची फीत दिली. त्यामुळे जहाजाच्या नावाची फीत ज्याच्याकडे, त्याचा मंडळात मान. नवऱ्याकडे सगळ्या सरसकटवाल्या होत्या.

मे महिन्यात आमचे शेजारी वारले. त्यांचे वडील युद्धात दोस्त राष्ट्रांच्या जहाजावर होते. एका जर्मन पोराला त्यांनी समुद्रातून वर ओढलं, तो डेकवरच मेला, आणि त्याच्या टोपीची फीत त्यांनी जपून ठेवली. ती बदलायची राहून गेलेली असावी, कारण तिच्यावर जहाजाचं नाव होतं. शेजारी हॉस्पिटलात असताना नवरा दर रविवारी द्राक्षं घेऊन जायचा. द्राक्षं कशासाठी आहेत हे त्यांनाही ठाऊक होतं. अंत्यविधीनंतर त्यांच्या मुलीने फीत आणून दिली.

दुसरी बाब आईंची, म्हणजे सासूबाईंची. त्या शनिवारी संध्याकाळी, पाहुणे गेले की, आईंच्या कायमच्या व्हिसाच्या अर्जावर नवरा स्पॉन्सर म्हणून सही करणार होता. सही मुलाचीच लागते. पुण्यातला फ्लॅट विकून त्या आल्या होत्या, आणि तो विकायला आम्हीच लावला होता. इथे राहता आलं नाही तर ठाण्याला माझ्या नणंदेचा हॉल. नणंदेने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "वहिनी, महिना-दोन महिने ठीक. कायमचं मला जमणार नाही."

मंडळाची पद्धत अशी: गॅरेजचं शटर खाली, दिवे बंद, आणि अध्यक्षांचा जांभळा टॉर्च. त्या उजेडात युद्धकाळातला धागा मंदच राहतो. नंतर बनवलेल्या मालात चमक आणणारं रसायन असतं, तो निळा पेटतो. नवऱ्याने फीत टेबलावर पसरली. "किती सपाट राहिलीय बघा," तो म्हणाला.

अध्यक्षांनी टॉर्च लावला. अक्षरं निळी पेटली.

"सॉरी मेट, हा तर ख्रिसमस ट्री आहे," अध्यक्ष म्हणाले. "तुझा शेजारी तुला गंडवून मेला."

एका सभासदाने फीत नाकाशी धरली. "लॅव्हेंडर! जर्मन लोकांच्या जहाजावर स्पा होता वाटतं."

"आणि त्याचा बाप समुद्रावर गेला तरी होता का?" दुसरा म्हणाला. "की फेरीबोटीत बसून नुसता पलीकडच्या बेटावर, पिक्टनला जाऊन आला?"

हसणं चालू असतानाच दार उघडलं. आई भज्यांची थाळी घेऊन आल्या. "अंधारात काय करताय रे?" मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. "अगंबाई, कशी लखलखतेय! पावडरमध्ये भिजवून मीच काढली, इस्त्रीसुद्धा केली. दोन मेलेल्यांची वस्तू, एक तो खलाशी, एक आपले शेजारी. न धुता घरात कशी ठेवायची?"

"काय म्हणतेय तुझी आई?" अध्यक्षांनी विचारलं.

"भजी गरम आहेत म्हणतेय," नवरा इंग्रजीत म्हणाला. मग तेच हसू तोंडावर ठेवून तो मराठीत आईंकडे वळला. पाहुण्यांना वाटलं असेल, कौतुक करतोय. "आई, चार लोकांत माझी लाज घालवलीस. सही विसर आता. ठाण्याला जा."

आईंनी थाळी तशीच पुढे धरली. "आधी खाऊन घे. उपाशीपोटी काहीही बोलतोस."

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं म्हणत अध्यक्षांनी दोन भजी उचलली.

मी दिवा लावला आणि इंग्रजीत सगळं सांगितलं: फीत धुतलेली आहे, कपड्याच्या पावडरने, तिच्यातही तेच रसायन असतं, म्हणून चमकतेय. शेजाऱ्यांवर खोटेपणाचा आळ नको.

अध्यक्षांनी चावता चावता विचार केला. "असेलही अस्सल. पण आता सिद्ध कोण करणार? धुतलेली आणि खोटी, आमच्या लेखी सारखीच." मग नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "पुढच्या वेळी माझे मोजे पाठवतो तुझ्या आईकडे."

तिघे हसले. नवराही हसला, सगळ्यांत मोठ्याने. आईंना इंग्रजी फारसं कळत नाही, पण कोण कोणाला हसतंय हे कळतं.

पाहुणे गेल्यावर अर्ज मी टेबलावर मांडला. त्याने पेनला हात लावला नाही.

"माफी माग, मग बघू," तो आईंना म्हणाला.

"कशाची? मेलेल्या पोराच्या डोक्यावरची पट्टी ती. त्याच्या आईने धुतली नसती?"

"तुला काय कळतंय त्यातलं? आयुष्यभर धुणी धुतलीस, दुसरं काय येतं तुला?"

"तुझीही धुतली," आई म्हणाल्या. "मी ती धुतली, चोरली नाही. आणि मरणाऱ्याला द्राक्षं चारून मिळवलीही नाही."

तिथे विषय संपला. हे वाक्य त्या गिळत्या तर कायमच्या इथेच राहत्या, असं मला वाटतं. त्यांना तसं सांगून पाहिलं. "मग ते माझं घर राहिलं असतं का?" त्यांनी विचारलं आणि मटार सोलायला घेतले.

नवऱ्याला मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तिकीट बघ." अध्यक्षांनी आता त्याला मंडळाचा चिटणीस केलं आहे.

व्हिजिटर व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो. ठाण्याला कळवलं. औषधं सहा महिन्यांची घेतली. बॅगा वजन करून दाराशी ठेवल्या. आईंनीच भरल्या, शिस्तीत. तिकीट अजून काढलेलं नाही. खिडकीची सीट हवी की वाटेच्या बाजूची, हे त्यांना विचारायचं राहिलं आहे.