जाऊबाईंच्या हाती मीठ

अगं पोरी, तुझं ते यंत्र ठेव बाजूला आणि फोन नीट कानाला लाव. बंगळूरच्या प्रयोगशाळेत बसून आजीला विद्या शिकवलीस, पण तिचं पुढं काय झालं, विचारलंस का कधी?

आजऱ्याच्या माझ्या धाकट्या बहिणीला लेकीच्या लग्नासाठी माझ्या सासूबाईंच्या कांदा-लसूण चटणीचं माप हवं होतं. फोनवर सांगावं, तर माझा आवाज असा की राजारामपुरीतल्या अर्ध्या गल्लीला ते पाठ झालं असतं. त्यात खालच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाई, चटणी करून विकणाऱ्या. सासूबाईंनी जाताना माप माझ्या कानात सांगितलेलं. ते जाऊबाईंच्या हाती लागू द्यायचं नव्हतं.

तेव्हा तू तुझं काम सांगितलंस. मंद प्रकाशाची लाट मनाला येईल तशी कमीजास्त करून काचेच्या तारेतून पाठवायची, समोरच्यानं ती मोजायची. दोघांकडं जुळणारे आकडे राहतात, तीच किल्ली. ती मापात मिसळली की उघड ओरडलं तरी बाकीच्यांना उमगत नाही. मधे कुणी डोकावलं तर प्रकाश बिथरतो, म्हणून थोडे आकडे उघड ताडून बघायचे आणि टाकून द्यायचे. "तार चोराच्या हातात असली तरी चालतंय," म्हणालीस.

मला पटलं. मी मिठाच्या लहानमोठ्या पुड्या बांधल्या आणि धाकटीला पोचवायला जाऊबाईंच्याच हाती दिल्या; पुड्यांची वजनं हेच आमचे आकडे. त्यांचं माहेर आजरा, जाणं-येणं सारखं.

व्हिडिओवर तू कपाळाला हात लावलास. "आजी, प्रकाश बघितला की हलतो. मीठ हलत न्हाय."

"जाऊबाई चाखल्याशिवाय ऱ्हात न्हाईत, वजन हलणारच," मी म्हणाले.

तसंच झालं. फोनवर वजनं ताडली, तर एक जुळेल तर शपथ. एका पुडीत तर सैंधव निघालं. तू म्हणालीस, जी गडबड आपली म्हणता येत नाही ती चोराच्या नावावर धरायची. सगळं टाका, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवलं, पुन्हा टाकलं. टाकलेलं मीठ धाकटी आमटीत घाले. तिच्या मालकांचा बीपी चढला. बंदोबस्त असा पक्का, की माप धाकटीलाही मिळेना. तिच्या मिरच्या गच्चीवर वाळून खडंग झाल्या, लग्न तोंडावर.

शेवटी जाऊबाई जिना चढून आल्या. "किती मीठ वाहू गं तुझं? तुझ्या भनीची चटणी मी डंकावर कुटून दिली."

"माप कुठलं, अक्का?"

"सासूबाईंचं. त्या काय तुझ्या एकटीच्या व्हत्या व्हय? माझ्या कानात आदुगर सांगितलं त्यांनी."

"मग मीठ कशाला चाखत होता?"

"तू काय बांधून देतीस, कळाय नको?"

त्यांची चटणी चाखली. सासूबाईंचीच, पण मीठ किंचित वर. मी म्हणते गडबड त्यांची. त्या म्हणतात, तुला ऐकू कमी आलं. त्यांची नि माझी, दोन्ही बरण्या झाकून ठेवल्यात. निवाडा तुझ्याकडं. यंत्र नको आणूस, नुसती जीभ आण. भाकरी मी गरम घालते. लवकर ये गं.