विहारासमोरच्या कडुनिंबाचा चुना

आमच्या घरी कुठल्याही गोष्टीविरुद्ध पत्रक निघायचं. हुंडा, दारू, अंगात येणं. वडील आर्वीहून छापून आणायचे, मी घड्या घालायची. म्हणून मागच्या वर्षी विहारासमोरच्या कडुनिंबाला वाळवी लागली तेव्हा मीही एक लिहिलं: साल खरवडा, चुना लावा, वाळवी हटवा.

यंदा धम्मचक्र दिनाच्या आधी त्याच सालीवर मला पांढरट, पातळ जाळी दिसली. काडीने टोक उचकटलं. आतून एक तपकिरी, बिनपंखी किडा उलट्या पावली सरसर मागे पळाला. वाळवी मातीचे बोगदे करते. हे रेशमाचे होते. भिंगातून पाहिलं तर पुढच्या पायांचे पंजे फुगलेले. रेशीम तिथूनच निघतं. कॉलेजात याचं चित्र एकदाच पाहिलं होतं. नेमकी जात ठरवायला प्रौढ नर लागतो, तो सापडला नाही. एक मादी मात्र पळेना. तिच्याखाली अंडी होती.

तेवढ्यात वस्तीतले काका तारेचा ब्रश घेऊन आले, मागे चुन्याच्या बादल्या घेऊन चार जण.

"काका, थांबा. हे वाळवी नाई."

"मंग का होय?"

"याले मराठीत नावच नाई."

"नाव नाई, गाव नाई, अन् मुक्काम आमच्या झाडावर?" मागचे हसले.

"वाळली साल अन् दगडफूल खाते ते. झाडाले काई करत नाई. माय अंड्यावर बसून आहे तिथं."

काकांनी खिशातून एक घडी काढली. माझंच पत्रक. त्यांना वाचायला वेळ लागतो, तरी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

"तूच लिवलं ना बाई? मांगच्या साली कोणी ऐकून नाई राह्यलं होतं, तं मी घरोघरी फिरलो. आता काऊन नाई म्हणतं?"

लिहिलेलं खोटं नव्हतं. आधी साल नीट पाहा, एवढी एक ओळ लिहायची राहिली होती.

"हातभर जागा तरी सोडा," मी म्हटलं.

"चुन्याचा पट्टा मंदात तुटला तं बरा दिसंल का?"

ब्रश फिरला. बाकीचे किडे भेगांत पळाले. मादी जागची हलली नाही.

चुना झाल्यावर काकांनी गेरूचा डबा माझ्या हातात दिला. वरची लाल पट्टी मागच्या वर्षीही मीच ओढली होती, माझा हात सरळ चालतो म्हणून. मी ओढली. सरळच आली.