कौसल्याचे थर्माकोलचे डबे

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत कौसल्यानं दिलेला डबा नाही असं घर सापडणार नाही. आधी ती मनीषनगरात धुणीभांडी करायची, आता लॅबना माल पुरवणाऱ्या कळमेश्वरच्या एका कंपनीत पॅकिंग करते. झाकण तुटलेले थर्माकोलचे डबे कंपनी फेकते, ही विचारून घरी आणते आणि वाटते. कोणी त्यात कोथिंबीर लावली, कोणी मासोळी ठेवली.

या पावसाळ्यात तिच्या घरमालकाची, मनोहररावांची नात वैभवी डेंगूनं दवाखान्यात गेली. त्याच आठवड्यात त्यांनी डब्यावरचं इंग्रजी लेबल वाचलं: डेंगू व्हायरस एन्व्हलप प्रोटीन. झालं. "रविवारपर्यंत खोली खाली कर वं."

गल्लीतली भांडणं मी मिटवतो, म्हणून कौसल्या माझ्याकडे आली. पोरगी दहावीत, आता खोली कुठं शोधणार?

"दादा, त्यात व्हायरस नसते. त्याच्या वरच्या आवरणातलं एक प्रोटीन हाय म्हणतात. रिसर्चसाठी जाते."

"म्हणते कोण? कंपनीच ना?"

कंपन्यांचं गोड बोलणं मी पुष्कळ ऐकलं आहे. थेट फाटकावर गेलो. गार्डनं आत सोडलं नाही. ते मी अजून विसरलेलो नाही. मग दुसऱ्याच एका लॅबमधल्या ओळखीच्या नंदिनी मॅडमना फोन लावला.

"ते प्रोटीन पेशींमध्ये वेगळं तयार करतात. टेस्ट, लसी यांच्या अभ्यासाला लागतं. त्यात विषाणू नसतो. त्यानं डेंगू होत नाही."

मी उलटसुलट विचारून पाहिलं. उत्तर बदललं नाही.

मग वैभवीला डेंगू झाला कुठून? रविवारी गल्ली जमली, तेव्हा मी मनोहररावांना म्हटलं, "तुमचा डबा मले दाखवा."

डबा गच्चीवर, कूलरखाली. उन्हाळ्यात टपकणारं पाणी धरायला लावलेला. कूलर कधीचा बंद, डबा तिथंच, पावसानं काठोकाठ भरलेला. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"पण डबा कौसल्याचाच हाय ना," मागून कोणीतरी बोललं.

"अन् पाणी कोणाचं हाय गा?" मी विचारलं.

कौसल्यानंच डबा उचलून उघडिपीच्या उन्हानं तापलेल्या गच्चीवर पालथा केला.

"बरं, राहा," मनोहरराव म्हणाले. "पण कंपनीची एकही वस्तू या घरात आणायची नाही."

"पगार कंपनीचाच हाय, काका. तुमचा किराया त्यातूनच देते. तो आणू का नको?"

पहिल्या तारखेला त्यांनी किराया घेतला. नोटा मात्र उलटून पालटून पाहिल्या.