धुऱ्याकडची मी, रेघेवरचा तो

मी आयुष्यात एकाच परपुरुषाच्या मागे वेडी झाले आणि तो अर्जेंटिनाचा निघाला. माझ्या नवऱ्याला हे ठाऊक आहे. त्याची तक्रार वेगळीच आहे. "माझं नाव घेत नाई, ते समजलं," म्हणतो, "पन त्याचं काऊन घेत नाई?" बायकोनं नवऱ्याचं नाव तोंडावर आणायचं नाही, ही आमच्याकडची चाल मी जन्मभर पाळली. आता म्हातारपणी दुसऱ्याचं नाव घेत फिरले तर बरं दिसेल का? म्हणून इथेही घेणार नाही. 'आपला कडेवाला' म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना कळतं. तुम्हीही तेवढ्यावर भागवा.

तो फुटबॉल खेळतो. मैदानाच्या कडेनं जी पांढरी रेघ असते, तिच्या अंगाअंगानं धावायचं आणि चेंडू आतल्यांना पोचवायचा, हे त्याचं काम. विंगर म्हणतात, असं नातीनं सांगितलं. त्या देशाचा जो जगभर पुजला जातो तो वेगळा. त्याला पुजायला लोक पुष्कळ आहेत. माझ्या कडेवाल्याला आमच्या तिरोडा तालुक्यात मी एकटीच आहे.

नात तेव्हा शाळेत होती. आता नागपूरला शिकते. एका सकाळी ती मोबाईलवर सामना पाहत होती आणि मी शेजारी तांदूळ निवडत होते. त्यांच्याकडचे सामने आमच्या झोपेच्या वेळी होतात, म्हणून आम्ही ते सकाळी चहासोबत पाहतो, शिळे. तर त्या शिळ्या सामन्यात एक काटकुळा पोरगा, पायमोजे घोट्यावर घसरलेले, रेघेवरून सुसाट निघाला. पहिल्याला चकवलं. दुसऱ्याला चकवलं. समोर रान मोकळं होतं, पण हा थांबला. कशासाठी? तर तो पहिला पडलेला उठावा आणि आपल्याला त्याला पुन्हा चकवता यावं. तेवढ्यात मागून तिसरा आला आणि चेंडू घेऊन गेला. पोरगा बुडावर आपटला आणि आभाळाकडे असं पाहू लागला की जणू आभाळानंच त्याला ढकललं.

मी सूप बाजूला ठेवलं. म्हटलं, "ही तर मीच हाय."

नातीला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. आमच्याकडे धानाचा रोवणा बायका करतात. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावराच्या तुकड्यात, ओळीनं वाकून उभ्या राहतात. हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी. रोवत रोवत सगळ्या मागे मागे सरकतात. मधल्यांना सोपं, डावी-उजवीकडची सरकली की आपण सरकायचं. कडेची असते तिला धुरा, म्हणजे वावराचा बांध, सांभाळावा लागतो आणि आमचे धुरे म्हणजे सापानं आखल्यासारखे. कधी आत येतो, कधी बाहेर जातो. कडेचीला कधी चार हात जास्त रोवावं लागतं, कधी अंग चोरावं लागतं.

चोरखमाऱ्याकडची पोर मी, लग्न होऊन बोदलकशाच्या तलावाच्या पाण्यावरच्या या गावात आले, आणि पहिल्याच रोवण्याला सासूनं मला कडेला उभं केलं. झालं. माझ्या डोक्यात जी हवा शिरली ती पुढे कित्येक वर्षं निघाली नाही. मला वाटलं, सासूनं माझा हात पाहिला, माझी चपळाई पाहिली. लुगडं गुडघ्याच्या वर खोचून मी असं काही रोवायची की बघणाऱ्याला वाटावं, या बाईला गाडी पकडायची आहे. रस्त्यानं कुणी सायकलवाला गेला की माझा वेग दुप्पट. संध्याकाळी माझ्या ओळीतले निम्मे पऱ्हे पाण्यावर तरंगत असायचे, ते मागून दुसऱ्या कुणीतरी खोचायच्या. ते मी कामात धरतच नव्हते. मधल्या बायकांना मी भाताचे गोळे म्हणायची. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं.

एकदा तर मागे सरकण्याची अशी काही ऐट केली की धुऱ्याला पाय अडकला आणि मी पलीकडे शेजाऱ्याच्या बांधीत जाऊन बसले. त्याचा रोवणा आदल्या दिवशीच झालेला. तो धावत आला. मी बसल्या बसल्याच त्याला म्हटलं, "दादा, तुमचे पऱ्हे पक्के बसले का नाई, ते पाहून रायली."

तर असा तो पोरगा आणि अशी मी. तेव्हापासून त्याच्या नोकरीवर मी नजर ठेवली. नदीकाठच्या लहानशा शहरातल्या संघात तो वाढला. तिथून राजधानीतल्या मोठ्या संघानं नेला. तिथं लोक त्याच्या नावानं गाणी म्हणायचे आणि हा त्या गाण्यांच्या तालावर चेंडू घालवायचा. मग स्पेनवाल्यांनी विकत घेतला. मी गावात पेढे वाटले. घेणाऱ्यांना वाटलं, नातीचं जमलं. स्पेनमध्ये त्याला बहुतेक बाकावर बसवून ठेवलं. विश्वचषकाच्या वेळी त्याला घेतलंच नाही, तेव्हा मी ठरवलं की अर्जेंटिना हरावी. पहिल्याच सामन्यात ठरवणं मोडलं.

मग एक दिवस नात म्हणाली, "आजी, त्याले लोनवर तुर्कस्तानात पाठवला."

"म्हंजे?"

"म्हंजे हा स्पेनचाच, पन वर्षभर त्यांच्याकडून खेळायचं. मग वापस."

हे मला लगेच समजलं. चिखलणीच्या वेळी आमच्यात बैलजोडी मागून नेतात, तसंच. जोडी ज्याची त्याचीच. नेणारा चार दिवस वावरात फिरवतो आणि आणून बांधतो. पण त्याला रीत आहे. बैल धुऊन, ढेप चारून, शिंगांना तेल लावून वापस करायचा. तुर्कस्तानवाल्यांनी माझा कडेवाला वापस केला तो उजवा गुडघा बांधून, लंगडत. मी नातीच्या मागे लागले, त्या संघाच्या पानावर माझा निरोप लिही. ती नाही नाही म्हणत होती. शेवटी लिहिलं: गोंदिया जिल्ह्यातली एक बाई म्हणते, मागून नेलेला बैल असा वापस करत नाहीत. खाली दुसऱ्या दिवशी कुणीतरी बैलाचं चित्र टाकलं आणि शेजारी लाल बदाम. नात म्हणाली, त्यांनी माफी मागितली. पोरगी खोटं बोलते, पण चांगलं बोलते.

त्या गुडघ्यानंतर तो मेक्सिकोला गेला, तिथं दाढी वाढवली, आणि मागच्या वर्षी आपल्या पहिल्या, नदीकाठच्या संघात परत आला. केस विरळ झाले. आता तो बाकावर असतो. अंगावर राखीव खेळाडूंची हिरवी बंडी, तोंडात पाण्याच्या बाटलीचं बूच. कॅमेरा त्याच्यावर गेला की मी मोबाईलजवळ तोंड नेऊन विचारते, "जेवला का?"

यंदा रोवण्याच्या तोंडावर माझ्यावरही तीच वेळ आली. आमच्या गावच्या बायकांच्या टोळीची पुढारी आता माझी सून आहे. कोण कोणत्या बांधीत, कोण कुठे उभी, ती ठरवते. गुडघा माझाही दुखतो. तुर्कस्तानात न जाताच. एका सकाळी शिळा सामना लावायच्या आधी सून म्हणाली, "माय, यंदा तुमी धुऱ्यावरच बसजा. चहाचं पहा."

"कायले? मले काय झालं?"

"तुमाले काई नाई झालं. धानाले होते. मागच्या साली तुमच्या ओळीतले पऱ्हे मासोळ्याईनं खाल्ले म्हनून सांगत होत्या ना?"

"खाल्ले त खाल्ले. कडेची जागा माझी हाय."

"जागा काय नावावर करून ठेवली हाय का?"

मी सासू आहे, पण टोळीत तिचं चालतं. एका रोवण्याला धुऱ्यावर बसले की पुढच्या साली कुणी विचारत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. चहाच्या भांड्याजवळ एकदा बसलेली बाई पुन्हा ओळीत गेलेली मी पाहिलेली नाही. म्हणून मी पैज लावली. म्हटलं, आजच्या सामन्यात माझा कडेवाला मैदानात उतरला तर मी कडेला उभी राहणार. नाही उतरला तर धुऱ्यावर बसते, चहा उकळते, वर सगळ्यांच्या चपला सांभाळते.

सून कबूल झाली. काही महिने तो उतरलाच नव्हता, हे तिलाही माहीत होतं. सुट्टीवर आलेल्या नातीला निकाल आधी पाहायची मनाई केली.

पहिला अर्धा भाग तो बसून होता. दुसऱ्याही भागात बसून. सून भाकरी थापता थापता एक डोळा मोबाईलवर ठेवून होती आणि मधूनच विचारायची, "माय, साखर केवढी लागंल वो पंधरा बायाईले?" मी मोबाईलचा आवाज वाढवला. शेवट जवळ आला तेव्हा त्यांच्या मास्तरनं मागे वळून हात केला. माझा कडेवाला उठला. बंडी काढली. पायमोजे वर ओढले, पहिल्यांदाच. मी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी मोठ्या मनाची झाले.

तो मैदानात आला आणि सरळ मधोमध जाऊन उभा राहिला.

"तिकडं कुठं चालला हा," मी म्हटलं. "अरे, रेघ इकडं हाय."

नात म्हणाली, "आजी, आता त्याले मधात घेतलं. पाय मंदावले की विंगरले आत घेतात. तिथून तो चेंडू वाटते."

आणि खरंच, धावणं नाही, चकवणं नाही. कमरेवर हात ठेवून उभा, पोरांना बोट दाखवतो, तू इकडे, तू तिकडे. चेंडू आला की एकाच पायानं दुसऱ्याला देऊन टाकतो. कडेनं एक नवीन काटकुळा पोरगा धावत होता.

सून म्हणाली, "हारल्या तुमी."

"उतरला ना मैदानात?"

"उतरला, पन कडेले कुठं होता?"

वाद चुलीपासून अंगणापर्यंत गेला. निवाडा नातीकडे आला. तिनं बापाच्या मोटारसायकलवर बसून, पाय हलवत निकाल दिला: खेळाडू उतरला म्हणून आजी ओळीत जाईल, मध्ये खेळला म्हणून मध्ये उभी राहील. मला ओळ मिळाली, पण भाताच्या गोळ्यांतली.

दुसऱ्या दिवशी मी पऱ्ह्याची पेंढी घेऊन मधोमध उभी राहिले. उजवीकडे माझी मोठी जाऊ. ती जन्मभर मधेच रोवत आली. माझ्याहून मोठी, पण तिला कुणी धुऱ्यावर बसवत नाही, कारण तिचे पऱ्हे तरंगत नाहीत. डावीकडे शेजारच्या घरची एक नवीन सून. काम सुरू झालं आणि मला धक्काच बसला. मधे गंमत आहे. डावीकडून एक बातमी येते, उजवीकडून दुसरी, आणि दोन्ही आपल्यापाशी भेटतात. कुणाच्या घरची म्हैस हरवली, कुणाच्या घरचा जावई सापडला. कडेला उभी राहून मी इतकी वर्षं फक्त बेडकांचं ऐकलं होतं.

मी जावेला म्हटलं, "बाई, इतकी मजा होती त मले कधी मधात काऊन नाई घेतलं?"

ती पऱ्हा खोचत म्हणाली, "तुले खरंच मालूम नाई?"

"काय मालूम नाई?"

"सासूबाईनं तुले कडेले कायले ठेवलं होतं थे."

"हात चपळ होता म्हनून."

जाऊ अशी हसली की तिला कंबर सरळ करावी लागली. मग तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी घरापासून बांधीपर्यंत मी इतकी बोलले होते की सासूचं डोकं दुखायला लागलं. सासूनं जावेला सांगितलं, हिला कडेला उभी कर. मधात ठेवली तर दोन बाया कामातून जातील, कडेला ठेवली तर एकच जाईल. ती एक कोण, यासाठी रोज पाळी लागायची. माझ्या शेजारी जिची पाळी असे, तिला दुसऱ्या दिवशी मधे गाणं सुरू करायचा मान मिळे.

"तुमची पाळी आली होती का?" मी विचारलं.

"लई वेळा," जाऊ म्हणाली. "माह्या डाव्या कानानं तेव्हापासून कमी आयकू येते."

मी त्या जवान बाईचा विचार केला, लुगडं खोचलेली, सायकलवाल्यांसाठी वेग वाढवणारी, आपल्याला हिरा समजणारी. तिला तसंच राहू द्यावं असं वाटलं. तिला हे सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं, बोलत राहिली असती. आणि मग माझ्या लक्षात आलं की तोंड माझं अजून शाबूत आहे.

मी सुरुवात अर्जेंटिनापासून केली. नदीकाठचं शहर, राजधानी, पेढे, स्पेन. डावीकडच्या नवीन सुनेला लोन म्हणजे काय ते बैलासकट समजावलं. उजवीकडे जावेच्या डाव्या कानात तुर्कस्तान घातला. मेक्सिको येईपर्यंत नवीन सुनेचा हात चुकून एकाच जागी दोनदा रोवायला लागला. ओळ मधोमध पोट काढून रेंगाळली, दोन्ही कडा सरकून गेल्या. माझी सून धुऱ्यावरून आली, ओळ पाहिली, जावेचं तोंड पाहिलं.

"माय," ती म्हणाली, "तिकडं जा."

"कुठं?"

"कडेले."

"गुडघा दुखते वो माहा. आन चहाचं कोन पाहील?"

"चहा मी पाहीन. तुमी जा."

मी पेंढी उचलली आणि चिखलातून हळूहळू धुऱ्याकडे निघाले. मागे सून बायकांना विचारत होती, मायच्या शेजारी कोण जाते. सगळ्या एकदम खाली वाकल्या आणि फार मन लावून रोवायला लागल्या.