दोन बोटं कललेली भिंत

"तिकडं नेलंस म्हून गेलं ते." बबनमामा गेल्याची बातमी मामीने फोनवर मला अशी दिली. आधी दोष, मग रडणं. त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला जमलेल्या नातेवाइकांनीही तेच ऐकवलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगते: हो, मीच नेलं मामाला व्हेनिसला. पुन्हा म्हणाला असता तर पुन्हा नेलं असतं.

मामा कुरवंड्याचा गवंडी. लोणावळ्यात किती बंगले त्याच्या हातचे, पण फाटकावर नाव मालकाचं. मी पुण्यात इमारतींचे नकाशे काढते. कालव्यांच्या त्या शहराचे फोटो एकदा मी त्याला दाखवले आणि त्याने ध्यासच घेतला. "पान्यात पाया घातला कसा?" वलवणला धरणाजवळ त्याने बांधलेल्या एका घराने ओल धरली, तेव्हापासून पाण्याशी त्याचं वैरच होतं. मग हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी दगदग बंद केली, मामीने पासपोर्ट तांदळाच्या डब्यात लपवला. मामाने तो शोधून काढला. "खाटंवर पडून मरन्यापरीस बघून मरतो," म्हणाला... आणि निघाला.

नव्या घरात पाऊल टाकलं की मामा आधी भिंतीला ओळंबा लावून बघायचा आणि मगच चहा घ्यायचा. दोरीला लोंबणारा तो पितळी गोळा त्याने मोज्यात गुंडाळून बॅगेतून नेला होता. व्हेनिसमध्ये आम्ही उतरलो त्या जुन्या घरातही हेच झालं. "भिंत दोन बोटं कललीया. हितं झोपू नगंस," म्हणत त्याने माझा पलंग दरादरा खोलीच्या मध्यात ओढला. आवाज ऐकून घरमालकीणबाई वर आल्या. मी कारण सांगितल्यावर हसल्या आणि मामाला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेल्या. कालव्यापलीकडची घरं एकेका बाजूला झुकलेली, मागचा घंटेचा मनोराही तिरका. त्यांची आजी याच भिंतीखाली जन्मली होती म्हणे. मी हे मराठीत सांगितलं.

"म्हंजी कललेलं बी उभं ऱ्हातं," तो म्हणाला. मग हसत सुटला. "डाक्टरला सांग, म्या बी दोनच बोटं कललोय."

एका चर्चमध्ये सगळे माना वर करून छतावरची चित्रं बघत होते. मी चित्रकाराचं नाव वाचून दाखवलं. "आन् गिलावा केला त्येचं नाव?" ते कुठेच नव्हतं. मामाने कोपऱ्यातल्या मोकळ्या भिंतीवर तळवा टेकला. "झ्याक काम केलंस गड्या!" पहारेकरी ओरडला. मामाने हात सावकाश, आपल्या वेळेने काढला. मला त्याचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

परतल्यावर दीड महिन्याने तो गेला.

गेल्या रविवारी कुरवंड्याला गेले. ओळंबा त्याच्याच खिळ्याला होता. मामी उंबऱ्यात बसलेली. मी तो काढून मामाने स्वतः बांधलेल्या भिंतीला लावला आणि चपापले. "मामी, ही एक बोट कललीय."

"ठावं हाय मला. पाडून नवी बांधायची व्हती. तिकडनं आल्यावर म्हनले, ऱ्हाऊ दे, उबी हाय."

तिची खाट त्याच भिंतीला लागून होती.

"तितं हसले व्हते का गं?" तिने विचारलं.

"लय."

मामीने पदराने डोळे पुसले आणि उठली. "झालं न्हवं बघून? बस मग, च्या ठिवते."