एक दार जास्त

सुंदराकाकींनी कामावर आल्यापासून पहिल्या आठ दिवसांत घरांचे जेवढे संच भरले, त्यांतला एकही बरोबर नव्हता. प्रत्येकात एक दार जास्त होतं. मी तेव्हा त्या कारखान्यात क्वालिटीला होतो. म्हणजे चुका शोधण्याचाच मला पगार मिळत होता, आणि ही एवढी ढळढळीत चूक मला आठ दिवस दिसली नाही.

बिरवाडीला औद्योगिक वसाहतीच्या कडेला पत्र्याच्या एका शेडमध्ये आमचा कारखाना होता. मुलांचे एकमेकांत खटकन बसणारे प्लास्टिकचे ठोकळे आम्ही बनवायचो. पुढे मोल्डिंगची मशीनं, मागे दोन रांगांत टेबलं आणि टेबलांवर पॅकिंगच्या बायका. सगळ्यात खपणारा संच घराचा होता. भिंतींचे ठोकळे, लाल छप्पर, चार खिडक्या, एक दार. मोजताना घोळ होऊ नये म्हणून प्रत्येकीला खाचा पाडलेली लाकडी पाटी दिलेली असे. सगळ्या खाचा भरल्या की पाटी पिशवीत उपडी करायची, आपल्या नंबरची चिठ्ठी आत टाकायची, पिशवी वजनाच्या काट्यावर ठेवायची. वजन कमी भरलं तर काट्यावरचा लाल दिवा लागे. जास्त भरलं तर काहीच होत नसे, कारण काटा मी लावला होता आणि ठरल्यापेक्षा जास्त देणारं माणूस कारखान्यात येईल हे मला डिप्लोमात कोणी शिकवलं नव्हतं.

सुंदराकाकी आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतल्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, आवाज मात्र समोरच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारायला घडवलेला. नवरा मुंबईत वॉचमन, मुलगा महेश तिकडेच टेम्पो चालवायचा. काकींनी बिरवाडीत दोघी बायकांबरोबर खोली घेतली होती आणि शनिवारी संध्याकाळी पोलादपूरची एसटी धरून त्या घरी जायच्या. मालकांनी कामावर घेताना त्यांना विचारलं, "काम जमेल का?" तर काकींनी उलट विचारलं, "भातलावणीला आठ दिवस सुट्टी देणार काय? देणार असाल तं जमंल." मालक हसले आणि त्यांना सात नंबर मिळाला.

नवव्या दिवशी सकाळी दारांचा क्रेट रिकामा होत आला. खिडक्या ढिगाने शिल्लक, छपरं शिल्लक, दारं मात्र तळाशी चार-दोन. मी रजिस्टर तीनदा तपासलं आणि मग काकींच्या मागे जाऊन उभा राहिलो. काकींनी पाटी भरली, हात फिरवून खाचा चाचपल्या, पाटी पिशवीत उपडी केली. मग क्रेटच्या तळाशी राहिलेलं एक दार अगदी सहज उचललं आणि वरून पिशवीत सोडलं.

"काकी, हे काय?"

"काय म्हंजे? वरचं."

"वरचं म्हणजे?"

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या शिक्षणाबद्दल त्यांना शंका आली असावी. "अरे, माप भरलं की वर एक मूठ नको घालायला? नेमकं मोजून हातावर ठेवायला आपण काय सावकार हाय?"

"पण मग दारच का?"

"खिडकी हरवली तं वारा येईल. दार हरवलं तं माणसानं घरात शिरायचं कुठनं?"

मला हसू आवरेना, त्यांनाही आलं. मी हिशोब सांगितला, रोज चाळीस पिशव्या, आठ दिवस, तीनशेवीस दारं जास्तीची गेली आणि ते खोके रवानाही झाले. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. हातातली पाटी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. "म्हंजे आता तीनशेवीस घरांना दारं नायत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघतो मी काहीतरी." "बघ हां सायेब," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी त्या लावणीला गावी गेल्या.

मी काय बघितलं ते आता सांगायला हवं. दाराचा साचा तडा जाऊन पुण्याला दुरुस्तीला गेला होता. माल मात्र आठवड्यात पाठवायचा होता. काट्यावर सहज एक खिडकी ठेवली, तर तिचं वजन दाराएवढंच भरलं, तीन ग्रॅम. मी शेजारच्या टेबलावरच्या रंजनाला सांगितलं, दाराच्या खाचेत खिडकी बसवून पाटी भर. ती म्हणाली, "साहेब, चालंल ना?" मी म्हटलं, "चालेल, मी सांगतोय ना." काट्याचा दिवा लागला नाही. मी सह्या केल्या. माझ्या डोक्यातून निघालेली ही युक्ती मला तेव्हा फार हुशारीची वाटली, हे आज लिहितानाही लाज वाटते.

महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. दुकानदारांनी संच परत पाठवले. पाच खिडक्यांच्या आणि दार नसलेल्या घरांचे फोटो मालकांच्या मोबाईलवर येऊ लागले. एका बाईंनी तर आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. "माझी मुलगी काल संध्याकाळपासून विचारतेय, आतली माणसं बाहेर कशी येणार? तुम्हीच सांगा तिला आता." मालकांनी तो आवाज जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यांना उभं करून मोठ्याने ऐकवला. परत आलेल्या पिशव्यांतल्या चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर पसरल्या होत्या. सगळ्यांवर एकच नंबर होता, तीन. तीन नंबर रंजनाचा.

"रंजना, उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाले.

रंजनाला दोन मुली होत्या. नवऱ्याचं काम गेलेलं होतं आणि तिच्या एकटीच्या पगारावर घर चाललं होतं, हे शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर होतंच, कारण तिच्या ओव्हरटाईमच्या अर्जावर मीच सही करायचो. तिने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी सांगितलं म्हणून केलं, एवढं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता, पण ती बोलली नाही. मी हातातलं रजिस्टर उघडलं आणि त्यात काहीतरी शोधू लागलो. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. "मालक, दारं मी संपवली."

सुंदराकाकी पुढे आल्या. पदर खोचलेला, हात प्लास्टिकच्या भुकटीने पांढरे. मालक वैतागून म्हणाले, "काकी, तुमचा नंबर सात. तुमचा काय संबंध?"

"संबंध हाय तं. तुमच्या दारांतली तीनशेवीस दारं मी वरची म्हणून वाटली. कोणाला विचारलं नाय. ती असती तं हिच्या पाटीत दार असतं. हिला घरी पाठवायची असंल तं आधी मला पाठवा."

मालकांनी विचारलं, "ठीक आहे, दारं तुम्ही संपवलीत. पण दाराच्या जागी खिडकी कोणी घातली? कोणी सांगितलं घालायला?"

काकींना माहीत होतं. नव्या बाईलाही कळेल की रंजना स्वतःच्या मनाने पाटीला हात लावणार नाही, आणि दाराच्या तुटवड्याचं बघतो म्हणणारा मीच होतो. मी तोंड खाली घालून त्यांच्या उत्तराची वाट पाहू लागलो. काकी म्हणाल्या, "मी लावणीला गेल्ये होते. मी बगितलं नाय. जे बगितलं नाय ते मी सांगणार नाय. माझं तेवढं सांगितलं."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित रागावलो असतो, मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावले असते आणि गप्पच राहिलो असतो. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, स्वतःची नोकरी टेबलावर ठेवून. महाड शहरात वाढलेल्या, डिप्लोमावाल्या माझ्यासारख्या माणसाची अशी लाज त्याआधी कोणी काढली नव्हती. माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला. "सर, खिडकी घालायला मी सांगितलं. रंजनाने मला विचारलं होतं."

मालकांनी टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. मग म्हणाले, "जेवायला जा सगळे." आमच्यापैकी कोणालाच घरी पाठवलं नाही. मला मात्र केबिनमध्ये बोलावून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

साचा पुण्याहून आला. नवी दारं निघाली आणि ती दुकानदारांमार्फत घरोघर पाठवायचं ठरलं. एका पाकिटात एक दार आणि एक पत्र. पत्र लिहायचं काम माझ्यावर आलं, पाकिटं भरायचं काकींनी मागून घेतलं. मी पत्र लिहून त्यांना वाचून दाखवलं, "काही तांत्रिक कारणामुळे आपल्या संचामध्ये..."

"तांत्रिक कारण म्हंजे कोण रे?" काकींनी विचारलं.

मी कागद फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं, "तुमच्या घराचं दार आमच्या चुकीमुळे राहून गेलं. ते पाठवत आहोत." काकींनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "आता बरं हाय. आता माणसानं लिवल्यासारखं हाय."

तीन दिवस त्या पाकिटं भरत होत्या. एक दार टाकलं की त्यांचा हात सवयीने पुन्हा क्रेटकडे जाई, थबके आणि मागे येई. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "संदेश, घरी भात देताना कळत नाय बघ. कणगी आपली असते, तिच्यातनं मूठ काय, ओंजळ द्यावी. इथं मी एकाला वर दिलं ते दुसऱ्याच्या पाटीतलं उचलून दिलं. आणि वर आपलीच कौतुकं, मी सावकार नाय म्हणून!" मी म्हटलं, "काकी, तुमच्या मनात वाईट नव्हतं." त्या फटकन म्हणाल्या, "मनातलं मरू दे. त्या पोरीच्या घराला दार नव्हतं ना?"

मग त्यांनीच मला काट्याला दुसरा दिवा लावायला सांगितला. "जास्त झालं तरी लाल लागू दे. माझा हात पन्नास वर्षांचा हाय, परत चुकंल." मी तशी सोय केली. त्यानंतरच्या चार वर्षांत सात नंबरच्या पिशवीला कधी लाल दिवा लागला नाही, ना कमीचा ना जास्तीचा. नव्या येणाऱ्या बायकांना त्याच शिकवायच्या, आणि डोंगरातून आलेल्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी दम भरायच्या, "ए बायो, वरचं घालशील तं याद राख. मी घातलेलं, मालक अजून पाकिटं वाटतायत." खाचेत चुकीचा ठोकळा बसवून कोणी पाटी पुढे ढकलली तर काकी ती पाटी तिच्याच पुढ्यात परत ठेवत आणि म्हणत, "बसला म्हंजे बरोबर झाला काय गो? विचार त्याला, तू इथला हाईस काय?" बायका हसायच्या, पण पाटी पुन्हा भरायच्या. रंजना तर त्यांच्या शेजारून कधी हललीच नाही.

माझ्याशी त्या त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत. फक्त तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी साहेबाचा संदेश झालो. ही बढती मला मालकांनी पुढे दिलेल्या बढतीपेक्षा मोठी वाटली.

गुडघे बोलायला लागल्यावर काकींनी काम सोडलं आणि त्या वाडीवर राहायला गेल्या. तरी दर वर्षी भात झोडून झालं की एसटीने बिरवाडीला यायच्या, पाच किलो तांदूळ घेऊन. पैशाचं नाव काढलं तर डोळे वटारायच्या. काटा पाच किलोवर लावून पिशवी मला त्यावर ठेवायला लावायच्या, पाच किलो बरोबर भरले की कनवटीची पुरचुंडी सोडून एक मूठ वर घालायच्या. लाल दिवा लागे. काकी त्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "लागू दे त्याला. ही माझ्या कणगीतली हाय."

गेल्या कार्तिकात त्या आल्या नाहीत. दोन दिवस तापाचं निमित्त झालं, पोलादपूरला दवाखान्यात नेलं, तिथेच गेल्या. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. नंतर एका दुपारी महेश कारखान्याच्या गेटवर आला. हातात तोंड शिवलेली कापडी पिशवी. म्हणाला, "औंदा एसटी चढवत नाय म्हणून आईनं ताप यायच्या आधीच भरून ठेवलेली. पाच किलो हाय म्हणाली, संदेशला दे."

मी त्याला आत नेलं, चहा पाजला. रंजनाने पिशवी हातात घेतली आणि ती रडायला लागली. मी शिवण उसवली. तांदळावर, अगदी वर, कागदाचा एक चिटोरा होता आणि त्यावर पेन्सिलीने वाकडातिकडा सात काढला होता. भरणाऱ्याचा नंबर. मी पिशवी काट्यावर ठेवली आणि पाच किलोवर काटा लावला.

जास्तीचा लाल दिवा लागला. या वेळी मूठ घालायला आपण नसणार, हे धरून त्यांनी ती आधीच आत घातली होती. जेवणाची सुट्टी संपली, बायका टेबलांवर आल्या, पुढे मशीनं सुरू झाली. मी पिशवी काट्यावरून बराच वेळ उचलली नाही.