आधी हात बघू

“आधी हात बघू,” म्हणत मामा गिऱ्हाइकाचा तळवा उजेडाकडे धरायचे. नव्या माणसाला वाटे, हे ज्योतिषी. होते मात्र मुलामावाले. नांदेडच्या बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटच्या चाव्यांना ते निकेलचं किंवा चांदीचं पाणी चढवत.

घाम खारट असला की चांदी काळवंडते. म्हणून हात पाहिल्याशिवाय ते कामाला हात घालत नसत. कंधारच्या एका बँडमास्तरानं चांदीचाच हट्ट धरला, तेव्हा मामांनी त्याचा तळवा हुंगला. “मास्तर, घाम हाय का लोणच्याचा खार? दोन लग्नांत कोळसा होईल. निकेल घ्या.”

सई, गेल्या सुट्टीत आजोबांचं क्लॅरिनेट वाजवून तुझी बोटं लाल झाली, खाज सुटली. “आजी, मी सोडतेच आता,” म्हणालीस आणि ते इथंच ठेवून गेलीस. आजोबांमागे आपल्या घरात दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं.

मी ते मामांकडे नेलं. सोबत माझी नीट लिहिलेली यादी: सर्व चाव्या, निकेल, चकचकीत. त्यांनी ती न वाचताच बाटलीखाली सारली. मी हात पुढे केला.

“बाई, वरातीत तुम्ही वाजवणार हाव का?”

मग मी तुझ्या बोटांचा फोटो दाखवला. मामांनी तो उजेडाकडे धरला. “हे जुनं निकेलच सोसत न्हाई लेकराला. चांदीच पाहिजे. पण फोटोत घाम कसा कळावा?”

त्यांनी एकाच चावीला चांदी चढवली. ती मी तुला पाठवली. रोज तासभर मुठीत धरायची, असा त्यांचा निरोप होता. तू महिनाभर धरलीस.

चावी परत आली, तशीच लखलखीत. मी रिक्षा करून दुकान गाठलं. शटर बंद. मागच्या दारी मामी भेटल्या. “पंधरा दिवस झाले, बाई. छातीत दुखायलंय म्हणले, अन् गेलेच.”

त्यांनी आतून पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी आणली. बाकीच्या सगळ्या चाव्या चांदीच्या, दोऱ्यात क्रमानं ओवलेल्या.

“पण ही चावी यायच्या आधीच?”

“मी बी तेच विचारलं. म्हणले, वाट बघून राहिलो अन् तवर पोरीनं नाद सोडला तर? काळ्या पडल्या तर पुन्हा करू.”

मी हात पुढे केला. मामींनी त्यावर पुरचुंडी ठेवली. माझा तळवा मात्र मी उगाच थोडा वेळ तसाच उजेडाकडे धरून उभी राहिले.